पन्नास आठशे

अडतीस

लग्न करून मी या घरात आले, तेव्हा धाकटा दीर काट्यावर चढत होता.

आमचं घर बाजाराच्या आवारातच. दार उघडलं की समोर बटाट्याची वखार, आणि वखारीच्या तोंडाशी काटा. खाली लोखंडी फळी, वर दांडी, दांडीवर सरकतं वजन. आमचे हे त्या आवारातले तोलणारे.

"काटा खोटा आहे," एक व्यापारी म्हणत होता.

"माझा भाऊ अडतीस किलोचा आहे," हे म्हणाले. " सकाळीच तोललाय. चढ रे."

पंधरा वर्षांचा पोरगा चपला काढून फळीवर चढला. दांडी अडतीसला स्थिर झाली. व्यापाऱ्यानं दांडीकडे बघितलं, पोराकडे बघितलं, आणि म्हणाला, "याला काहीतरी खायला घाला."

"खातो की," आतून सासूबाई म्हणाल्या. "कुठं जातं ते काटाच जाणे."

आवारात त्याला पासंग म्हणत. तराजूची दोन पारडी सारखी नसली की हलक्या बाजूला जो दगड बांधतात, तो पासंग. कुणीतरी म्हणालं होतं, असला पोरगा हमाली काय करणार, पासंगालाही पुरायचा नाही. ते चिकटलं.


चव्वेचाळीस

सतराव्या वर्षी तो पोती उचलायला लागला. पोतं पन्नास किलोचं, तो चव्वेचाळीस. पाठीवर घेतलं की खालून नुसते दोन पाय दिसायचे. पोतंच आपणहून ट्रककडे निघालंय असं वाटायचं. मी वखारीत बायकांबरोबर बटाटे निवडायला बसायची. चांगला इकडं, डागी तिकडं, सडका टोपलीत. निवडता निवडता माझी नजर त्या पायांवर जायची. टाच कधी जमिनीला लागायची नाही.

एक दिवस रेड्या नावाच्या हमालाशी त्याचं वाजलं. रेड्या नावाप्रमाणे. त्यानं हात उगारला. पासंगनं दोन्ही हात पाठीमागं घेतले, जणू म्हणत होता, मार. रेड्यानं मारला. हात हवेतून गेला. पुन्हा मारला. पाच वेळा मारला, पाचही वेळा डोकं होतं तिथं नव्हतं. सहाव्या वेळी रेड्या आपल्याच जोरानं पोत्यांच्या थप्पीवर जाऊन पडला.

फाटकापाशी वस्तादांचं केशकर्तनाचं दुकान. तरुणपणी ते फौजेत मुष्टियुद्ध खेळले होते, वाकडं नाक त्याची साक्ष. अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खुर्चीत तसंच ठेवून ते साबणाचा ब्रश हातात घेऊन बाहेर आले होते.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"काय?"

"हेच. न लागणं."

पासंगला प्रश्नच कळला नाही. "तो मारणार ते दिसतं की," तो म्हणाला. "आधी खांदा हलतो."

वस्तादांनी ब्रशवरचा फेस झटकला. "संध्याकाळी ये," म्हणाले.


पन्नास आठशे

मुष्टियुद्धात पासंग ज्या वजनाच्या गटात लढणार होता, त्याची हद्द एवढी. पन्नास किलो आठशे ग्रॅम. एक ग्रॅम वर गेला की तुम्ही त्या गटाचे नाही. व्यावसायिक मुष्टियुद्धात या गटाला माशीचं नाव आहे, हे वस्तादांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाई भांडी घासत होत्या.

"माशी? मग मारायचं कशाला, नुसतं हाकललं तरी जाईल."

"आई, चेष्टा नाही. व्यवसाय आहे हा," हे म्हणाले.

"असेल बाबा. सगळं गाव फुकट माशा मारतं, याला त्याचे पैसे मिळणार म्हणायचं."

विसाव्या वर्षी पहिली लढत. जिंकून आला, भुवई फुटलेली. मी मिठाच्या पाण्यानं पुसत होते आणि माझ्या तोंडून निघालं, "दुखतंय का हो?" आदल्या दिवसापर्यंत मी त्याला "अरे पासंग" म्हणत होते. मी असं का म्हणाले ते मला कळलं नाही. त्यांनाही ते वेगळं वाटलं नसावं. तेव्हापासून ते माझे भावजी झाले.

चौदा वर्षांत एक्केचाळीस लढती. मी एकही बघितली नाही. बायकांनी जायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. बटाटे निवडायचे असायचे, एवढंच. पण मला त्या एक्केचाळीसही पाठ आहेत, अंगावरून. सहावीत नाक गेलं. अकरावीत उजव्या हाताचं मधलं हाड. सतरावीत बरगडी, तीन आठवडे हसायची बंदी, त्यात सासूबाई गप्प बसेनात. तिसावीनंतर डावा कान फुलकोबीसारखा. अठ्ठावीस जिंकल्या, तेरा हरल्या. प्रत्येक लढतीनंतर दोन दिवस झोपायचे आणि तिसऱ्या दिवशी पहाटे पोत्याखाली उभे.

लढत ठरली की यांचं काम सुरू व्हायचं. रोज सकाळी सहाला भावजी काट्यावर. लोखंडी फळी गार, म्हणून यांनी पहिल्या दिवसापासून फळीवर रिकामं गोणपाट घडी करून टाकलं. भावजी त्यावर उभे राहायचे. हे दांडी बघायचे आणि ओरडायचे. गोणपाटाचे सहाशे ग्रॅम त्यातून आधीच वजा झालेले असायचे. बाजारात बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, वजा करूनच बोलायची रीत. भरलं पोतं पन्नास सहाशे भरलं, की तोलणारा ओरडतो "पन्नास". तीस वर्षं यांचे डोळे एक वाचत होते आणि तोंड दुसरं बोलत होतं, मध्ये डोक्याला तसदी नाही. यांचा आकडा चुकला असं आवारात कुणी कधी म्हणालं नाही. म्हणाला तो व्यापारी, त्याचं काय झालं ते सांगितलंच.


सत्तावन्न

या हंगामात बटाटा जमिनीतच सडला. वखारीत पोती यायची ती खालून ओली. निवडायला बसलं की चांगल्याचा ढीग वीतभर आणि सडक्याची टोपली उतू. माझ्या बोटांचा वास जेवताना जाईना. ट्रक येणं कमी झालं, हमाल पत्ते खेळू लागले. भावजी चौतीस वर्षांचे झाले होते. वर्षभरात एकही लढत नाही. त्यांचं वजन सत्तावन्नला गेलं होतं. पोटावर, आयुष्यात पहिल्यांदा, चिमटीत धरता येईल एवढं काहीतरी आलं होतं.

"चला," सासूबाई म्हणाल्या, "माणसात आलास."

त्याच आठवड्यात वस्ताद दुकान अर्धवट सोडून आले. गळ्यात गिऱ्हाइकाचं फडकं तसंच.

"पट्ट्याची लढत," ते म्हणाले, आणि खाली बसले.

ज्याच्याकडे या गटाच्या अजिंक्यपदाचा पट्टा होता, त्याच्याशी जो लढणार होता, त्याचा हात मोडला होता. चार आठवडे उरले होते. एवढ्या कमी दिवसांत वजन उतरवून उभा राहील असा दुसरा कुणी त्यांना सापडत नव्हता. चौदा वर्षं भावजींचं नाव यादीत होतं आणि चौदा वर्षं कुणी ते वाचलं नव्हतं.

"कुणाशी म्हणालात?" सासूबाईंनी विचारलं.

"पट्टा असतो त्याच्याकडे, त्याच्याशी."

"पट्टेवाल्याशी? चौदा वर्षं घासून शेवटी शिपायाशीच लढायचं होय? साहेबाशी तरी लढ."

भावजी हसले नाहीत. ते यांच्याकडे बघत होते.

"दादा, चार आठवड्यांत सहा किलो दोनशे. जाईल?"

यांनी त्यांच्याकडे बघितलं. ज्या नजरेनं पोतं बघायचे तीच नजर.

"जाईल. वजन जाईल. तू राहशील का ते मला सांगता येत नाही."

"मी राहीन," भावजी म्हणाले. "ही शेवटची. त्यानंतर आई घालेल ते खाईन."


सकाळचे आकडे

छप्पन्न शंभर.

पंचावन्न दोनशे. "काल बटाटा खाल्लास अर्धा." "पाव, दादा." "अर्धा."

चौपन्न सातशे.

चौपन्न सातशे.

चौपन्न सातशे. वस्तादांनी मीठ बंद केलं.

त्रेपन्न नऊशे. अंड्याचा पांढरा भाग, दुधी, बाकी काही नाही. पिवळा सासूबाई खातात, त्यांच्यासमोर, मुद्दाम. "बघ, तुझ्यासाठी मी किती सोसते."

त्रेपन्न.

पंधराव्या दिवशी भावजी काट्यावरून उतरले तेव्हा गोणपाटावर दोन लाल ठिपके होते. अंगातलं पाणी कमी झालं की कातडी आधी टाचांवर फुटते. दोरीवरच्या उड्या, त्यात तागाचा खरखरीत पोत. मी बघितलं आणि दुसऱ्या दिवशी गोणपाट काढून तिथं जुन्या चादरीचा मऊ तुकडा अंथरला. भावजी त्यावर उभे राहिले, बोटं थोडी हलवली, माझ्याकडे बघून मान हलवली. यांनी दांडी बघितली आणि ओरडले.

बावन्न दोनशे.

"बघितलंत?" मी म्हणाले. "पायांना आराम मिळाला की वजनही उतरतं."

कसल्या आनंदात होतो आम्ही.

एक्कावन्न सातशे. एक्कावन्न पाचशे. हनुवटीखाली खळगा. पाठीचे मणके मोजता येतात, वस्ताद मोजतात.

शेवटचे दोन दिवस पाणी बंद. ओल्या कापडानं ओठ पुसायचे तेवढं. संध्याकाळी माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता आणि भावजी त्या तांब्याकडे बघत होते. मी माझं आयुष्य या घरात काढलं, कुणी कशाकडे असं बघितलेलं मला आठवत नाही. मी तांब्या पदराआड नेला.

"राहू द्या, वहिनी," ते म्हणाले. "नुसता आवाज ऐकतो."

शेवटच्या सकाळी, पन्नास नऊशे. शहरात पोचेपर्यंत शंभर ग्रॅम श्वासात जातात, हा वस्तादांचा ठरलेला हिशेब. म्हणजे बरोबर. बटाट्याच्या रिकाम्या ट्रकमधून आम्ही निघालो, वखार बंदच होती म्हणून मीही.


एक्कावन्न तीनशे चाळीस

शहरातल्या सभागृहात खुर्च्या मांडायचं काम चालू होतं. मधोमध काटा. दांडी नाही, काचेत आकडे. काट्यामागं तीन माणसं आणि एक डॉक्टर. पट्टेवाला आधीच तोलून घेऊन बाटलीनं पाणी पीत बसला होता. पंचविशीचा, गुळगुळीत, भावजींपेक्षा बोटभर उंच.

भावजी चढले. काचेत आकडे नाचले आणि थांबले.

"एक्कावन्न तीनशे चाळीस," काट्यामागचा माणूस म्हणाला. "पाचशे चाळीस जास्त."

हे पुढं झाले. "तुमचा काटा तपासा."

"काय?"

"काटा खोटा आहे. मी तोलणारा आहे. तीस वर्षं."

त्या माणसानं टेबलाखालून सरकारी ठशाची वजनं काढली. वीस, वीस, दहा. काचेत आकडा आला पन्नास. पुढं एक शून्य, दोन शून्य, तीन शून्य.

"घरचा तपासा," तो म्हणाला.

पट्टेवाल्याच्या माणसांत कुणीतरी म्हणालं, "तोलणारा म्हणे. बटाटे तोलत असेल." ते हसले. खरं तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे बटाटेच तोलतात. पण यांचा चेहरा मी बघितला आणि मला खाली बघावंसं वाटलं.

"दोन तास आहेत," तो माणूस म्हणाला. "बारा वाजेपर्यंत उतरवा. नाहीतर पट्ट्याची लढत नाही."

हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "पाचशे चाळीस," पुटपुटत होते. "सहाशे असते तर समजलो असतो. हे पाचशे चाळीस कुठून आले?"

आणि मला कळलं.

"गोणपाट मी काढलं होतं," मी म्हणाले. "चादरीचा तुकडा टाकला होता. तुम्ही सहाशे वजा करत राहिलात."

यांनी माझ्याकडे बघितलं. मग हाताचा पंजा उघडून त्यावर ती चादर असल्यासारखं बघितलं.

"चादर साठची," ते म्हणाले. "सहाशेतून साठ. बरोबर आहे."

तो आकडा जुळला याचं समाधान एक क्षण त्यांच्या तोंडावर आलं, सवयीनं. पुढच्या क्षणी ते गेलं.

भावजींनी सगळं ऐकलं होतं. ते खाली बसून बूट चढवत होते. मला वाटलं ते काहीतरी बोलतील, बोलायलाच हवं होतं.

"टाचा बऱ्या आहेत आता," ते म्हणाले. "कुठं करायचं, वस्ताद?"


ट्रकमध्ये

उन्हात उभा ट्रक. काचा बंद. ड्रायव्हरनं इंजिन चालू ठेवलं, गरम हवेचं बटण पिळून टोकाला नेलं आणि स्वतः बाहेर पळाला. भावजींच्या अंगावर वस्तादांचा कोट, त्यावर यांचा, त्यावर रिकामी पोती गुंडाळलेली. आत आम्ही तिघं, आणि वस्ताद दारात उभे.

घाम येईना. दोन दिवस पाणी न प्यालेलं अंग. वस्ताद म्हणाले, मूठ उघड, मीट, उघड, मीट. भावजी उघडत होते, मिटत होते. वीस मिनिटांनी कपाळावर एक थेंब आला. आम्ही तिघं त्या थेंबाकडे असे बघत होतो, की तो बिचारा लाजून परत आत जाईल की काय. तो ओघळला. मग दुसरा.

"पुसा," वस्ताद म्हणाले, "अंगावर राहिला तर पुढचा येत नाही."

माझ्याजवळ डब्यातला चमचा होता. त्याच्या कडेनं मी त्यांच्या छातीवरून, पाठीवरून घाम निपटत होते आणि टॉवेलला टिपत होते. हे टॉवेल हातात घ्यायचे. डोळे मिटायचे.

"नव्वद."

मी पुन्हा निपटलं.

"एकशे साठ."

गेली एकोणीस वर्षं या माणसाचा हात मी बघतेय. भाजीवाला पाव किलो देतो तेव्हा हे पिशवी हातात घेऊन म्हणतात, दोनशे चाळीस आहे, आणि मी लाजेनं मेल्याहून मेल्यासारखी होते. त्या दिवशी तोच हात घामाचा टॉवेल तोलून आकडा सांगत होता.

"दोनशे तीस. पासंग, तोंड उघडं ठेव. श्वास बाहेर सोड."

वस्तादांनी वस्तरा काढला आणि ट्रकच्या पायरीवर भावजींचं डोकं भादरलं. केसांचा पुंजका यांच्या हातात दिला.

"पंचेचाळीस."

"पांढरे हलके असतात का रे, दादा?" भावजींनी विचारलं. आवाज वाळलेल्या पानासारखा. "तसं असेल तर माझ्यावर अन्याय झाला."

कुणी हसलं नाही. तेच थोडे हसले, आणि ओठ फुटला.

मी त्यांचं अंग एवढ्या जवळून चौदा वर्षांत कितीदा बघितलं होतं. पण ते नेहमी लढतीनंतरचं, थकलेलं, मोडलेलं. हे वेगळं होतं. कातडीखाली प्रत्येक दोरा वेगळा दिसत होता. खांद्यापासून कोपरापर्यंत जाणारा स्नायू श्वासाबरोबर सरकत होता, आणि त्या खाली हृदय, बरगड्यांच्या मागं, मला दिसत होतं म्हटलं तर खोटं वाटेल. एवढ्याशा जागेत देवानं इतकं सगळं बसवलं होतं. आणि आत कुणीतरी बसून त्या सगळ्याला सांगत होतं, अजून दे. आणि ते देत होतं.


पन्नास आठशे पन्नास

पावणेबाराला दोघांनी धरून त्यांना काट्यावर चढवलं. पुढं टॉवेल धरला, अंगावर चिंधीही नाही.

"पन्नास ग्रॅम," काट्यामागचा माणूस म्हणाला. आता त्याचा आवाज बदलला होता. "चौदा मिनिटं आहेत."

भावजी उतरले आणि फरशीवर आडवे झाले. डॉक्टर वाकून नाडी बघू लागला. पन्नास ग्रॅम म्हणजे एक बारका बटाटा, आम्ही बायका असले बटाटे निवडतही नाही, ढकलून देतो. हे त्यांच्या उशाशी बसले आणि रडायला लागले. आवाज न करता, नाकातून, खांदे हलवत. त्यांच्या आईनं बघितलं असतं तर चार शब्द ऐकवले असते.

भावजींनी एक डोळा उघडला.

"दादा, तू रडून काय उपयोग? ते माझ्या डोळ्यांतून यायला पाहिजे. पन्नास ग्रॅम सहज गेले असते."

मग ते उठले. कुणी उठवलं नाही. डॉक्टर काहीतरी म्हणत होता. त्यांनी दोन्ही मुठी कमरेपाशी धरल्या आणि हातात नसलेल्या दोरीवर उड्या मारायला सुरुवात केली. खुर्च्या मांडणारी माणसं थांबली. पट्टेवाला बाटली खाली ठेवून उभा राहिला. सभागृहात फक्त तळव्यांचा आवाज. टप टप टप टप. टाच नाही, नुसते चवडे. नऊ मिनिटं.

पन्नास आठशे.

काट्यामागचा माणूस काचेकडे बघत राहिला. मग त्यानं चष्मा काढला, पुसला, आणि आकडा मोठ्यानं सांगायच्या ऐवजी नुसता भावजींना म्हणाला, "उतरा. सांभाळून."


बेचाळिसावी

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लढत. मधल्या वेळात मी चमच्यानं पाणी पाजलं, मग पातळ पेज, मग अंडं, मग बटाटा. खाल्लेलं अंगी लागायला वेळ लागतो. वस्ताद म्हणाले, डोक्यात गेलंय, हातात गेलंय, पायांत जायला परवा उजाडेल.

बारा फेऱ्या.

मला त्यातलं काही कळत नाही. मला वाटलं होतं मारामारी असेल. रेड्या आणि हमाल, तसलं. मी पदर तोंडाशी धरून बसले होते, आणि दुसऱ्या फेरीत तो पदर कधी सुटला मला कळलं नाही.

ते हात मी ओळखत होते. बटाट्याची सालं काढणारे, पोत्याला टाका घालणारे. पण ते गेल्याचं दिसायचंच नाही. परत आल्याचं दिसायचं फक्त, हनुवटीपाशी, जागेवर, जणू कुठं गेलेच नव्हते, आणि समोरच्याचं डोकं मागं गेलेलं असायचं. पट्टेवाला मारायचा तेव्हा भावजी पळायचे नाहीत. बोटभर सरकायचे. मूठ गालाजवळून जायची, वारा लागेल इतकी जवळून, आणि त्या रिकाम्या जागेत ते आत शिरायचे. प्रत्येक ठोशाबरोबर नाकातून बारीक आवाज, स्स, स्स, वखारीत पहाटे पोतं उचलताना यायचा तोच. चौदा वर्षं मी घरी बसून जखमा पुसल्या. कशाच्या, ते आता बघत होते. इतकं सुंदर काहीतरी या माणसाला येत होतं आणि तो घरी येऊन नुसता म्हणायचा, "जिंकलो, वहिनी," किंवा म्हणायचा, "हरलो."

आठव्या फेरीपर्यंत माझ्या शेजारचा अनोळखी माणूस माझा हात धरून ओरडत होता.

दहावीत पट्टेवाल्याचा उजवा खांदा हलला. मी बघितलं. भावजींनीही बघितलं. त्यांचे डोळे तिकडं वळले, मान निघाली, कंबर निघाली. पाय निघाले नाहीत. ठोसा कानावर बसला आणि ते बसकण मारल्यासारखे खाली गेले.

पंच आकडे मोजत होता. यांनी माझा गुडघा धरला. पाचला भावजींनी वस्तादांकडे बघितलं. आठला उभे होते.

अकरावी त्यांनी कशी काढली ते मला विचारू नका. बारावीत ते पुढं गेले. पाय उचलत नव्हते, घासत होते, आणि हात तेच, जातात कधी ते न दिसणारे. शेवटची घंटा झाली तेव्हा भिंतीला टेकून उभं राहायची पाळी पट्टेवाल्यावर होती. सगळं सभागृह उभं होतं, त्याची माणसंसुद्धा.

तीन पंचांचे कागद वाचले. एकानं भावजींना दिली होती. एकानं त्याला. तिसऱ्याच्या कागदावर दोघांचे गुण सारखे. भावजी खाली पडले त्याचा एक गुण त्यात कापलेला होता.

बरोबरीत सुटली. बरोबरीत पट्टा आधी ज्याच्याकडे असतो त्याच्याकडेच राहतो.

"हा कसला न्याय?" हे मला म्हणाले. "दांडी सरळ उभी राहिली की आम्ही वरून एक बटाटा टाकतो. घेणाऱ्याच्या बाजूनं. कुणीही टाकतो."


आतल्या खोलीत भावजी बाकावर बसले होते. डावा डोळा पूर्ण मिटलेला, कानातून वस्तादांचा कापूस बाहेर आलेला. मघाशी पट्टेवाला येऊन त्यांच्या पायाशी उकिडवा बसून गेला होता. काय बोलला माहीत नाही, जाताना दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला होता.

हे दारात थांबले. आत येईनात.

"ये की," भावजी म्हणाले.

हे आले. उभेच राहिले. मग विचारलं, जे विचारणार हे मला ठाऊक होतं. "दहावीतला तो उजवा ठोसा. अंगात पाणी असतं तर चुकवला असतास. खरं सांग."

वस्तादांनी हातातली पट्टी गुंडाळायची थांबवली.

"तो उजवा?" भावजी म्हणाले. "दिसलाच नाही रे मला. पोटभर जेवून आलो असतो तरी बसला असता. पोरगा फार चांगला आहे, दादा. त्याचा खांदाच हलत नाही."

हे त्यांच्याकडे बघत राहिले, दांडी स्थिर व्हायची वाट बघतात तसे. मग यांच्या छातीतून एक लांब श्वास गेला. "असं होय," म्हणाले. खाली बसले आणि भावजींच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले. घामानं गाठी आवळल्या होत्या. ते दातांनी सोडवत होते.

यांच्या वाकलेल्या डोक्यावरून भावजींनी माझ्याकडे बघितलं. मी कुठं बसले होते ते त्यांना माहीत होतं. मला काय दिसलं होतं तेही.

त्यांनी मला डोळा मिचकावला. डावा आधीच मिटलेला होता, त्यामुळं एक क्षण ते दोन्ही डोळे मिटून बसल्यासारखे दिसले.

मी मान हलवली आणि मोजे उचलले.